वाट कुठे पाहावी लागते, ते आधी बघ

‘मामा, आय-फाइव्ह घेऊ की रायझन-फाइव्ह?’ असं तू विचारलंस. स्वतःच्या हातानं पहिला कॉम्प्युटर जुळवायला निघालेलं प्रत्येक पोर याच प्रश्नापासून सुरुवात करतं, आणि दुकानदारही यातलं एक नाव सांगून मोकळा होतो. पण पोरी, ही प्रोसेसरची नावं नव्हेत, मालिकांची नावं आहेत. ‘आय-फाइव्ह’ हे नाव इंटेलनं २००९ मध्ये पहिल्यांदा लावलं, आणि तेव्हापासून त्या एका नावाखाली इतक्या पिढ्या होऊन गेल्या की नुसत्या नावावरून आता काहीच कळत नाही. २०१७ चा आय७-७७०० घे आणि त्याच्या शेजारी २०२२ चा आय३-१२१०० ठेव. दोघांतही कोअर चार, थ्रेड आठ. नावानं पहिला थोर, पण कामात दुसरा त्याला सहज मागे टाकतो. शिवाय त्या ७००० मालिकेतल्या आय-सेव्हनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून नाव थोडा वेळ बाजूला ठेव आणि मला सांग, काम करताना तुला वाट कुठे पाहावी लागते?

हे अंदाजानं सांगू नकोस, मोजून सांग. पुढचा आठवडाभर तुझा लॅपटॉप जिथे जिथे तुला ताटकळत ठेवील, तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड आणि परफॉर्मन्सच्या पानावर काय चाललंय ते बघ. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर जगातला कुठलाही प्रोसेसर तुझी वाट कमी करणार नाही, तुला रॅम हवी आहे. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायला हवी. प्रोसेसरचा आकडा शंभराच्या आसपास गेला असेल, तरच प्रोसेसरचं बोलणं सुरू होतं.

यातली एक खूण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कधी कधी प्रोसेसरचा आकडा जेमतेम बारा-तेरा टक्के दिसतो, मेमरी मोकळी असते, डिस्क शांत असते, आणि तरीही तुझं काम रखडलेलं असतं. आठ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण कामाला लागला की एकूण आकडा साडेबारा टक्के दिसतो. म्हणजे एकटा कोअर राबतोय आणि बाकीचे रिकामे बसलेत. त्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडलंस की सगळे थ्रेड वेगवेगळे दिसतील आणि हे डोळ्यांनी पाहता येईल. अशा कामाला सोळा कोअर दिले तरी पंधरा रिकामेच बसतील. त्याला एकेक कोअर वेगवान असलेला प्रोसेसर हवा. ऑटोकॅड बहुतांशी असंच चालतं. एक्सेलमधली बरीचशी कामंही तशीच. उलट ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रेंडर लावलं, किंवा मोठा सी++ चा प्रकल्प कंपाइल करायला घेतला, की जितके कोअर असतील तितके सगळे कामाला लागतात आणि प्रत्येक जादा कोअर तुझा वेळ वाचवतो.

कुठल्या कामाला किती प्रोसेसर पुरतो, याबद्दल माझं मत आता स्पष्टच सांगतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग यांना आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी भरपूर झाला. यापलीकडे पैसे घातले तर ते वाया जातात. कोडिंगला सहा कोअर आणि ३२ जीबी रॅम ही जोडी मला आठ कोअर आणि १६ जीबीपेक्षा केव्हाही बरी वाटते, कारण अँड्रॉइडचा एम्युलेटर, ब्राउझरच्या तीसेक टॅब आणि डॉकर एकदम उघडले की आधी मेमरी संपते. गेमिंगसाठी माझा साधा ठोकताळा असा, की ग्राफिक्स कार्डावर प्रोसेसरच्या दुप्पट पैसे जावेत. एखाद्या कोटेशनमध्ये हे उलटं दिसलं तर ते कोटेशन परत कर. याला एकच अपवाद आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखा हलका खेळ कमी रेझोल्यूशनवर सेकंदाला दोनशे-तीनशे फ्रेमनं खेळायचा असेल, तर ओझं प्रोसेसरवर येतं. ४के मॉनिटरवर जड खेळ खेळताना सगळं ओझं कार्डावर असतं आणि महाग-स्वस्त प्रोसेसरांत फारसा फरक उरत नाही. आणि घरच्या घरी एआयची मॉडेल चालवून बघायची असतील, तर प्रोसेसर विसर, ग्राफिक्स कार्डावरची मेमरी किती ते बघ.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण तुला फसवतील ते आकडेच.

पहिला आकडा गिगाहर्ट्झचा. माझ्या उमेदीच्या काळात सगळा बाजार याच आकड्यावर चालायचा. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, मी माल आणायला जायचो तेव्हा गिऱ्हाईक ‘किती गिगाहर्ट्झ?’ एवढंच विचारायचं. इंटेलचा पेंटियम ४ तेव्हा वाढत वाढत २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तिथेच अडकला, कारण वेग वाढवला की उष्णता आवरेना. मग २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा ई६६००, त्या ३.८ वाल्यापेक्षा कितीतरी वेगवान होता, आणि तापायचाही कमी. घड्याळाच्या एका ठोक्यात किती काम उरकतं हे त्याच्या रचनेवर ठरतं, आणि ती रचना दर पिढीला बदलते. म्हणून गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीतल्या दोन भावंडांमध्ये कर, त्याबाहेर नको.

दुसरा आकडा कोअरचा. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीपासून इंटेल आपल्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर एकत्र बसवते. मोठे कोअर वेगाचे, छोटे कोअर कमी विजेत मागची कामं उरकणारे. त्यामुळे आय५-१३४०० च्या खोक्यावर दहा कोअर लिहिलेले असतात, पण त्यात मोठे सहा आणि छोटे चार. रायझन ५ ७६०० चे सहाच कोअर आहेत, पण सहाही मोठे. तेव्हा दहा विरुद्ध सहा ही तुलना खरी नाही. छोटे कोअर निरुपयोगी आहेत असं मात्र समजू नकोस. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना किंवा कंपाइल करताना ते चांगलं काम देतात. फक्त मोजताना ते वेगळे मोज.

तिसरा आकडा कॅशचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत दुर्लक्षित. स्वयंपाक करताना तुझी आई मिसळणाचा डबा ओट्यावर हाताशी ठेवते आणि दर चिमटीला फडताळापर्यंत जात नाही. कॅश म्हणजे तो हाताशी ठेवलेला डबा आणि रॅम म्हणजे फडताळ. खेळांमध्ये प्रोसेसरला सारखी इकडची-तिकडची माहिती लागते, म्हणून डबा मोठा असेल तर खेळ सुरळीत चालतो. एएमडीनं २०२२ मध्ये ५८००एक्स३डी काढला तेव्हा हेच केलं. प्रोसेसरच्या चकतीवर कॅशचा आणखी एक थर चढवला आणि तिसऱ्या पातळीची कॅश ३२ वरून ९६ एमबी केली. त्याचं घड्याळ साध्या ५८००एक्सपेक्षा कमी असूनही खेळांत तो पुढे गेला. पण कोडिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगमध्ये या जादा कॅशचा लाभ फारसा होत नाही. तेव्हा एक्स३डी हे नाव ऐकून भारावू नकोस. ते गेमिंगचं हत्यार आहे आणि सोबत तगडं ग्राफिक्स कार्ड असेल तरच परवडतं.

कॅशवरूनच एक जुना सापळा सांगून ठेवतो. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० हे शेजारी-शेजारी ठेवलेले दिसतात, दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड, आणि भावात थोडाच फरक. वाटतं, शंभरानं काय बिघडतं? बिघडतं. ५५०० हा खरं तर ५६००जी मधला ग्राफिक्सचा भाग बंद करून विकलेला प्रोसेसर आहे. त्याची कॅश १६ एमबी, तर ५६०० ची ३२. ५६०० ला पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड आणि एसएसडीला प्रोसेसरशी जोडणाऱ्या रस्त्याची, चौथी पिढी मिळते, ५५०० ला तिसरी. म्हणजे ५५०० ला जोडलेलं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी दोन्ही जुन्या वेगानं चालणार. असाच दुसरा, रायझन ५ ८५००जी. त्याच्या सहा कोअरांपैकी पूर्ण ताकदीचे फक्त दोन, चार आटोपशीर, आणि ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्स्प्रेसच्या सोळाऐवजी चारच मार्गिका. कार्ड न लावता वापरला तर ठीक आहे, कार्ड लावायचं असेल तर घेऊ नकोस. म्हणून सांगतो, नंबर जवळचे दिसले तरी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन कॅश, कोअर आणि मार्गिका या तीन ओळी वाचल्याशिवाय पैसे मोजू नकोस.

नंबरामागच्या अक्षरांकडे वळू. इंटेलच्या ‘के’चा अर्थ घड्याळ वाढवायला मोकळा. त्यासाठी झेड मालिकेचा महाग बोर्ड लागतो आणि खोक्यात कूलर येत नाही, तेव्हा पहिल्या मशीनला ‘के’ नको. एएमडीचा ‘जी’ म्हणजे आत बऱ्यापैकी दमदार ग्राफिक्स. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाहीच, दोन्ही कंपन्यांत. एफ का स्वस्त असतो, ते समजून घे. चकत्या छापताना काहींमध्ये बारीक दोष राहतात. तो दोष ग्राफिक्सच्या भागात असेल तर तेवढा भाग बंद करायचा आणि उरलेला धडधाकट प्रोसेसर कमी भावात विकायचा. ही रीत जुनी आहे. १९९१ मध्ये आलेला ४८६एसएक्स गणिताचा भाग बंद करूनच विकला जायचा, आणि तो भाग चालू असलेला तो ४८६डीएक्स. त्यामुळे एफ हा कमअस्सल माल नव्हे. ग्राफिक्स कार्ड पहिल्या दिवसापासून लावणार असशील तर तो जरूर घे.

पण एफ घेण्याआधी दोन गोष्टी मनाशी धर. एक, कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तर मशीन आंधळं होतं. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड असतं, त्यात वायर खोचली तरी डिस्प्ले येत नाही, आणि नवखी पोरं बोर्ड मेला समजून घाबरतात. दुसरी गोष्ट तुझ्या कामाची आहे. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा व्हिडिओ उलगडणारा भाग असतो, आणि मोबाइलवर चित्रित केलेले एच.२६५ चे व्हिडिओ टाइमलाइनवर अडखळू न देण्यात त्याचा मोठा हात असतो. एफ घेतलास की क्विक सिंकही गेलं. तू पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमी मोबाइलवर चित्रित करून त्या कापत बसतेस, म्हणून तुला इंटेल घ्यायचाच झाला तर एफ नसलेला घे. थोडे पैसे जास्त पडतील, पडू देत.

आता सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. प्रोसेसर निवडताना तू खरं तर पुढची चार-पाच वर्षं कुठल्या बोर्डावर काढायची तेही ठरवत असतेस, आणि पहिल्या मशीनसाठी मला हाच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. कारण पहिलं मशीन सहसा हात राखून, जेवढे जमले तेवढ्या पैशांत जुळवलेलं असतं, आणि दोन-तीन वर्षांनी कमाई सुरू झाली की त्यात भर घालावीशी वाटते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून ५००० मालिकेचे प्रोसेसर बसले. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि मशीन जवळजवळ नवं. इंटेलनं त्याच काळात सॉकेट वरचेवर बदलले. २०२० मध्ये एलजीए१२००, २०२१ मध्ये एलजीए१७००, २०२४ मध्ये एलजीए१८५१. एएम५ हा २०२२ चा सॉकेट, आणि त्यावर २०२७ पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीनं जाहीर केलं आहे. एलजीए१७०० वर बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात, पण तिथला रस्ता चौदाव्या पिढीशी थांबला.

मग सरळ एएम५ च घ्यावा ना? २०२५ च्या मध्यापर्यंत मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. पण त्या वर्षाच्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवणं कारखान्यांना जास्त फायद्याचं झालं आणि घरगुती रॅमचा पुरवठा आटला. एएम५ ला डीडीआर५ च लागते. एलजीए१७०० ची बरीच बोर्डं आणि एएम४ ची सगळी बोर्डं डीडीआर४ घेतात. म्हणून घरात किंवा मित्रमंडळींकडे जुन्या मशीनची चांगली डीडीआर४ पडून असेल तर आय५-१२४०० आणि डीडीआर४ चं बी७६० बोर्ड ही आजही शहाणी निवड आहे. त्याचे सहाही कोअर मोठे आहेत, ग्राफिक्स आत आहे आणि कूलर खोक्यात येतो. रॅम नवीनच घ्यायची असेल तर मी एएम५ कडे झुकेन, कारण तीच डीडीआर५ पुढच्या प्रोसेसरलाही चालेल. काहीही घेतलंस तरी रॅमच्या दोन सारख्या कांड्या घे. एकच मोठी कांडी लावली तर प्रोसेसरला मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो, आणि ‘जी’ प्रोसेसरला तर हे फार जाचतं, कारण त्याचं ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं.

तुझ्यासाठी नेमकं सांगायचं तर असं. ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेणार असशील तर रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. एक्स नसलेला ७६०० च, कारण तो ६५ वॅटचा आहे आणि कूलर सोबत येतो. व्हिडिओ उलगडायला पुरेसं ग्राफिक्स त्यातही आहे. कार्ड पुढच्या वर्षी घेणार असशील तर ८६००जी. तोवर व्हॅलोरंट त्यावर चांगला चालेल. पुढे कार्ड लावल्यावर तो ७६०० पेक्षा थोडा मागे पडेल, कारण त्याची कॅश निम्मी, १६ एमबी आहे. एक वर्ष कार्डाविना काढण्याची ती किंमत, आणि ती मला रास्त वाटते.

बोर्डाच्या बाबतीत एक सावधगिरी. दुकानात ‘कॉम्बो’ म्हणून जड प्रोसेसर आणि सर्वांत स्वस्त बोर्ड एकत्र बांधून देतात. आय-सेव्हन आणि एच६१० अशी जोडी तुला सर्रास दिसेल. स्वस्त बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तोकडा असतो, त्याच्यावर थंडाव्याच्या पट्ट्याही नसतात. तो तापला की प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो, आणि आय-सेव्हनचे पैसे देऊन तू आय-फाइव्हचं काम घेतेस. बोर्ड प्रोसेसरच्या तोलाचं असू दे. शिवाय दुकानात वर्षभर पडून असलेल्या बोर्डात जुनं बायोस असतं, त्याला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही आणि डिस्प्ले येत नाही. घेतानाच विचार, ‘या प्रोसेसरला लागणारं बायोस यात आहे का?’ नसेल तर दुकानातूनच अपडेट करून घे. घरी करायची वेळ आली तर मशीन यूपीएसवर असल्याशिवाय हात लावू नकोस. बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतं.

विजेवरून उष्णतेकडे येतो, कारण परदेशी चाचण्यांचे व्हिडिओ बघून प्रोसेसर निवडणारी आपली मुलं हीच गोष्ट विसरतात. ते लोक वातानुकूलित खोलीत, बावीस-तेवीस अंशांत चाचणी घेतात. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंशांनी तापतो, हे कूलरवर ठरतं. तो पन्नास अंशांनी तापत असेल तर त्यांच्याकडे बहात्तर दिसतं. तेच मशीन मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या चाळीस अंशांच्या खोलीत ठेवलं तर नव्वदला पोचतं. रायझन ७००० ची मर्यादा ९५ अंश आहे, तिला टेकलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा तुझ्या खोलीत एसी नसेल तर ६५ वॅटचा प्रोसेसर घे आणि वाचलेल्या पैशांतून दोन जास्तीचे पंखे असलेलं हवेशीर कॅबिनेट घे. खोक्यावरचे ६५ वॅट हेही पूर्ण सत्य नसतं. आय५-१२४०० जोरात असताना ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, रायझन ५ ७६०० सुमारे ८८ पर्यंत, आणि आय९-१४९००के तर २५३ पर्यंत. शंभर वॅटचा फरक रोज सहा तास चालला तर महिन्याला अठरा युनिट जास्त. शिवाय घरोघरी दिसतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. त्यात प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर तिन्ही बसवायचे आहेत, हे विसरू नकोस.

जुना माल घ्यावा का, असंही तू विचारलंस. प्रोसेसर ही कॉम्प्युटरमधली सर्वांत टिकाऊ वस्तू. पिना सरळ असतील, तर वापरलेला रायझन ५ ५६०० घ्यायला माझी हरकत नाही. पण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर, विशेषतः आय-सेव्हन आणि आय-नाइन, वापरलेले घेऊ नकोस. त्यांच्यात चुकीनं जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन प्रोसेसर हळूहळू अस्थिर होण्याचा दोष होता. इंटेलनं २०२४ मध्ये तो मान्य केला, त्यावर मायक्रोकोडचं अपडेट काढलं आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. अपडेटनं पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही, आणि आधीच्या मालकानं ते वेळेत घातलं होतं की नाही हे तुला बाहेरून कळणार नाही.

नवा घेताना बॉक्स पीस माग, ट्रे पीस नको. ट्रे पीस म्हणजे कंपन्यांना घाऊक जाणारा, खोक्याविना सुटा माल. प्रोसेसर तोच असतो, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते आणि कूलरही मिळत नाही. बॉक्स पीसला इंटेल आणि एएमडी दोघंही तीन वर्षं देतात. खोक्याच्या बारीक खिडकीतून प्रोसेसर दिसतो, त्याच्यावरचं नाव खोक्याच्या नावाशी जुळवून बघ, सील शाबूत आहे का ते बघ. बिल पक्कं, जीएसटीचं घे आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घे. कोटेशन तीन ठिकाणचं घे. त्यात नुसतं ‘आय-फाइव्ह बारावी पिढी’ असं लिहिलं असेल तर पूर्ण नंबर अक्षरासकट लिहायला लाव. प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येत नाही.

बसवताना एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि इंटेलच्या बोर्डात. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळव आणि प्रोसेसर नुसता ठेव. तो आपल्या वजनानं बसतो, दाबायचा नसतो. कूलरच्या तळाची प्लास्टिकची पापुद्री काढायला विसरू नकोस. मशीन चालू झालं की बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सपो, इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, चालू कर. नाहीतर ६००० ची डीडीआर५ बहुधा ४८०० वरच चालत राहते आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्याच आठवड्यात, माल बदलून मिळण्याची मुदत असतानाच, ब्लेंडरचं एखादं मोठं रेंडर अर्धा तास लावून ठेव आणि एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि वेग दोन्ही बघत राहा. वेग मधेच खाली कोसळला तर कूलर नीट बसलेला नाही, उघडून पुन्हा बसव. आणि बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं झाकण प्रोसेसर बसवताना सुटून येतं, ते कचऱ्यात टाकू नकोस, बिलासोबत बोर्डाच्या खोक्यात ठेव. बोर्ड कधी वॉरंटीत द्यायची वेळ आली तर सॉकेटच्या पिना त्यानं झाकलेल्या असाव्या लागतात.